हात मागे ठेवण्याचं काम

तिला सगळे भिंगरी म्हणत. नाव ठेवलं वडिलांनी, कारण पोर एका जागी बसायची नाही. लग्नानंतर ते नाव मागे राहील असं तिला वाटलं होतं, पण तिचा नवरा, चष्म्याच्या दुकानात बसणारा शांत माणूस, एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला हॉस्पिटलात आला आणि लांबलचक कॉरिडॉरच्या या टोकावरून त्या टोकाला सरळ हाक मारली. झालं. त्या दिवसापासून वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांची ती भिंगरी.

हॉस्पिटल कसलं, तर जीव वाचल्यानंतर जिथे माणसं येतात ते. अर्धं अंग लुळं पडलेले, मणका मोडलेले, डोक्याला मार लागलेले. इथे फिजिओ चालायला शिकवतो, दुसरी एक बाई बोलायला शिकवते, नर्स गोळ्या देते. कोण काय करतं ते सगळ्यांना कळतं. भिंगरीच्या दारावर मात्र पाटी होती, ‘मनोरंजन उपचार विभाग’. लोक पहिला शब्द वाचायचे आणि दुसरा वाचायच्या आधीच हसायचे. नातेवाईक तर थेट म्हणायचे, “ताई, आमच्या बाबांना जरा तासभर खेळवा ना, आम्ही तेवढ्यात जेवून येतो.” की हिच्या अंगाचा तिळपापड.

“मी पाळणाघर चालवत नाही,” ती म्हणायची. मग खुर्चीवर बसायची, लगेच उठायची आणि समोरच्याला इच्छा असो नसो, समजावून सांगायची. “हे बघा, फिजिओ माणसाला पाय परत देतो. पण त्या पायांनी जायचं कुठे? घरी गेल्यावर, सुट्टीच्या दुपारी, औषध घेऊन झालंय, कोणी भेटायला येणार नाही, तेव्हा हा माणूस काय करणार? भिंतीकडे बघत बसला तर पाय पुन्हा गेलेच म्हणून समजा. मी पत्ते खेळवते ते वळलेली बोटं सुटावीत म्हणून. गाणं म्हणायला लावते ते श्वास पुरावा म्हणून. इथून सुरुवात होते आणि शेवट रस्त्यावर होतो. बसमध्ये, तलावावर, वाचनालयात, जिथे त्याचा जीव रमत होता तिथे. आणि तिथे त्याला माझी गरज उरली नाही की माझं काम झालं.”

बोलायला हे फार छान होतं. करायला मात्र, विशेषतः भिंगरीसारखीला, नाकी नऊ आणणारं होतं. कारण या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे काही न करणं. पेशंटला बाहेर न्यायचं तेव्हा त्याच्या मागे एक पाऊल राहायचं आणि हात पाठीमागे ठेवायचे. तो चुकीच्या गल्लीत वळला, वळू द्यायचं. सुटे पैसे सांडले, वेचू द्यायचे. जिवावरचं संकट असेल तरच हात पुढे. भिंगरीचे हात असे शिवशिवायचे की एका हाताने दुसऱ्याचं मनगट पकडून ती चालायची, जणू स्वतःलाच अटक करून नेतेय.

अशात इस्त्रीवाल्या मावशी वॉर्डात आल्या.

मावशींनी जन्मभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली. पुढे दुकान, मागे एक खोली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलता एक मुलगा दुसऱ्या गावी लिफ्ट दुरुस्त करायचा. झटका आला तो मेंदूच्या उजव्या बाजूला. डावा हात कमजोर झाला, काठी आली, पण खरी गोम वेगळीच होती. मावशींच्या जगातून डावी बाजूच निघून गेली होती. डोळे ठणठणीत, पण मन तिकडे बघायचंच विसरलेलं. ताटातलं उजवीकडचं संपवायच्या आणि इथे पोटभर वाढत नाहीत म्हणून कुरकुरायच्या. दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटला की दार बसवणाऱ्या सुताराचा उद्धार करायच्या.

“आपल्याला दिसत नाही हे कळलं तर माणूस सांभाळून राहतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. “या दुखण्यात तेच कळत नाही. मला काही झालेलं नाही म्हणतात आणि चालत्या गाडीसमोर जातात. यांना एकटं कसं सोडायचं?”

मुलगा वाईट नव्हता हो. रोज संध्याकाळी फोन करायचा, सुट्टी काढून यायचा. त्याच्या घराजवळ एक वृद्धाश्रम त्याने बघून ठेवला होता, जागा महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवणार होते. “स्वच्छ आहे आई, माणसं चांगली आहेत, बाग आहे.”

“बागेत मी काय चरू?” मावशी म्हणाल्या. “मला माझ्या खोलीत जायचंय.”

पेच एवढाच होता, आणि तो साधा नव्हता. महिनाअखेरपर्यंत मावशी एकट्या राहू शकतात हे ठरलं नाही, तर इस्त्रीचं दुकान बंद आणि मावशी बागेत.

भिंगरीने आपला नेहमीचा प्रश्न विचारला, की मोकळ्या वेळात काय करता? पत्ते? नाही. विणकाम? “डोळे फुटतात.” टीव्ही? “शेजारणीचा ऐकू येतो, पुरे होतो.” भिंगरी वैतागली. मग तिच्या लक्षात आलं की मंगळवारी सकाळी मावशींना चैन पडत नाही. बाहेरचे कपडे चढवून, पर्स मांडीवर घेऊन त्या कॉटवर बसून असतात आणि दुपार सरली की मुकाट्याने पर्स ठेवून देतात.

“मंगळवारी काय असतं, मावशी?”

“कोर्ट.”

“तुमची केस चालू आहे?”

“माझी कशाला असेल? लोकांच्या.” मावशींनी तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “मंगळवारी दुकान बंद. हे गेले त्या वर्षी घर खायला उठायचं. एकदा मी उन्हातनं चालले होते, कोर्टाचं दार उघडं दिसलं, आत गेले. मागच्या बाकावर कोणीही बसू शकतं, माहितेय तुला? कोणी विचारत नाही. डोक्यावर पंखा, आणि समोर लोक एकमेकांची उणीदुणी काढतायत. फुकट. तेव्हापासून चुकवला नाही. निकाल मी न्यायाधीशाच्या आधी देते. खोटं बोलणारा मला पाठीवरनं कळतो.”

“पाठीवरनं?”

“मागच्या बाकावरनं दुसरं काय दिसणार?”

भिंगरीला इतका आनंद झाला की ती दोनदा उठली आणि दोनदा बसली. तिला हवं होतं ते सापडलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिने आपल्या खोलीत कोर्ट भरवलं. मावशी न्यायाधीश. बाकीचे पेशंट वादी, प्रतिवादी, साक्षीदार. मणका मोडलेल्या पोस्टमनने शेजारच्या कॉटवरची उशी पळवल्याचा खटला आठवडाभर चालला. आणि यातली खुबी अशी, की साक्षीदार दर वेळी मावशींच्या डाव्या बाजूला उभा राहायचा. सुरुवातीला मावशी संतापायच्या, “साक्षीदार आलाच नाही, केस रद्द.” मग डावीकडून खाकरणं ऐकू यायचं. हळूहळू त्यांना सवय लागली. आवाज येवो न येवो, निकाल द्यायच्या आधी मान पार डावीकडे वळवायची. बरं, मान वळवल्यावर तिथे काहीतरी निघायचं, यानेच त्या हादरल्या. “अगं भिंगरे, हा एवढा थोराड माणूस इथे होता आणि मला दिसला नाही? मग रस्त्यावर काय काय सुटत असेल?”

मुलगा एकदा दारात उभा राहून हा तमाशा बघत होता. “ताई, आईला बरं करायला ठेवलंय की नाटकात काम करायला?” त्याचा सूर कडू नव्हता, थकलेला होता. भिंगरीने त्याला सगळं समजावलं, पण अर्धं बोलून होईतो तिलाच घाई झाली, महिना सरत आला होता.

खोलीतून कॉरिडॉर, कॉरिडॉरमधून फाटक, फाटकातून कोपऱ्यावरचं दुकान. शेवटी डॉक्टरीणबाईंनी परीक्षा ठरवली. मंगळवारी मावशी बसने कोर्टात जातील, बसतील, बसने परत येतील. सोबत भिंगरी, पण हात मागे. मदत लागली नाही तर घरी. “तुम्ही सांगाल ते मी धरून चालेन,” डॉक्टरीणबाई भिंगरीला म्हणाल्या. हा मान तिला पहिल्यांदाच मिळत होता.

जाताना सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. मावशींनी बस ओळखली, चढल्या, उतरल्या, कोर्टाच्या पायऱ्या कठडा धरून चढल्या, मागच्या बाकावर जाऊन अशा टेकल्या की जणू मधे काही घडलंच नव्हतं. दोन भावांची भिंतीवरून केस होती. धाकटा खोटं बोलतोय हे मावशींनी लगेच सांगितलं. भिंगरी मनगट पकडून बसली होती, तिला त्या भावांचं एक अक्षर ऐकू गेलं नाही.

परतताना बस आली. मावशी अजून त्या भिंतीबद्दलच बोलत होत्या. दाराचा दांडा डाव्या हाताला होता, आणि मान वळवायची राहून गेली. उजवा पाय पायरीवर पडला, शरीर डावीकडे झुकलं, आणि भिंगरीच्या हाताने मनगट सोडून मावशींचं कोपर घट्ट धरलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मावशी वर चढल्या होत्या. बस सुटली. दोघीही खिडकीबाहेर बघत बसल्या.

आता, मावशींनी स्वतःहून दांडा पकडला असता का? असताही. पडल्या असत्या का? असत्याही. आधीच हात घातला की हे कायमचं अंधारात राहतं, आणि भिंगरीला याच गोष्टीची सगळ्यात जास्त चीड होती. दुसऱ्यांच्या बाबतीत.

संध्याकाळी घरी ती स्वयंपाकघरात नुसती फिरत होती. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. डबे उचलून त्याच जागी ठेवले.

“काय झालंय?” नवऱ्याने विचारलं.

“काही नाही.”

“मग ते झाकण किती वेळ पुसणार आहेस? झिजेल ते.”

तिने सांगितलं. ऐकून तो म्हणाला, “धरलं तर धरलं. माणूस आहेस.”

“तिथे मी माणूस म्हणून जात नाही रे,” ती म्हणाली आणि झाकण जोरात आपटलं. “आता खरं सांगितलं तर त्या बागेत जाणार. एका कोपरापायी.”

नवऱ्याने चष्मा काढून पुसला. त्या पुसण्याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी बैठक होती. टेबलाच्या एका बाजूला डॉक्टरीणबाई आणि फिजिओ, दुसरीकडे मुलगा आणि मावशी. भिंगरीने सगळं रंगवून सांगितलं, बस, पायऱ्या, बाक, दोघे भाऊ. बोलता बोलता तिने समोरचा पाण्याचा ग्लास चारदा सरकवला.

“मदत कुठे लागली?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“नाही लागली.”

मुलाने मान खाली घातली. हरल्यासारखी नव्हे, काळजीने. डॉक्टरीणबाई काही लिहायला लागल्या.

“लागली,” मावशी म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. मावशी कोणाकडे वळल्या नाहीत, भिंगरीकडेच बघत होत्या. “बसमध्ये चढताना माझं कोपर कोणी धरलं?”

“ते... जरासा हात लागला, मावशी.”

“जरासा लागला की धरलं?”

भिंगरीने ग्लास पुन्हा सरकवला. तिचे कान तापले.

“धरलं,” ती शेवटी म्हणाली.

“हं.” मावशी आता डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. “दांडा डावीकडे होता. मी मान वळवली नाही. बोलण्याच्या नादात राहून गेलं. हिने धरलं नसतं तर मी पडले असते की सावरले असते, ते मला माहीत नाही. हिलाही माहीत नाही.”

“आई,” मुलगा कळवळून म्हणाला, “तुला घरी जायचंय ना? मग बोललीस कशाला?”

“खोट्या साक्षीवर सुटू? इतकी वर्षं मागच्या बाकावर बसून तेवढंही शिकले नसेन, तर टाक मला बागेत.”

डॉक्टरीणबाईंनी पेन ठेवलं. मग त्या मुलाला म्हणाल्या, “महिन्याभरापूर्वी यांना डावी बाजू म्हणजे काय हे पटत नव्हतं. आज कुठे चुकलं ते त्या स्वतः सांगतायत. मी याचीच वाट बघत होते. पण एवढ्यावर घरी पाठवता येत नाही. येत्या मंगळवारी परत जायचं. या वेळी सोबत कोण जाईल ते मी नंतर सांगते.”

मुलगा म्हणाला, “वृद्धाश्रमाला मी मंगळवारपर्यंत थांबायला सांगतो. त्यापुढे ते थांबणार नाहीत.”

माणसं उठली. डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला मागे थांबवलं, दार लावून घेतलं. “तुमच्या एका ‘नाही’वर मी बाईंना एकटीला घरी पाठवणार होते,” एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आपल्या कामाला कोणी काम म्हणत नाही म्हणून जी बाई जगाशी भांडत आली, तिने आपल्याच हाताने त्याची किंमत घालवली होती. तिला भयंकर लाज वाटली आणि ती लाज घेऊन कुठे जावं तेही कळेना, म्हणून ती जिने चढत-उतरत राहिली.

मंगळवार उजाडला. सोबत फिजिओ जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी आदल्या दिवशी कळवलं होतं. मावशी काठी टेकत फिजिओबरोबर फाटकाबाहेर गेल्या. भिंगरी खिडकीतून बघत होती, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

त्या सकाळी भिंगरीने काय काय केलं म्हणून सांगू! पत्त्यांचे जोड लावले, मोडले, परत लावले. कुंड्यांना पाणी घातलं, नको इतकं घातलं. पोस्टमनशी डाव मांडला आणि दोनदा त्याचेच पत्ते खेळली. “ताई, बसा हो जरा, मला गरगरतंय,” तो म्हणाला. बाहेर बाकावर मुलगा बसला होता, वृद्धाश्रमाचा फोन नंबर हातातल्या मोबाइलवर काढून. ती त्याच्याजवळ जाऊन बसली, उठली, फाटकापर्यंत गेली, परत आली.

“तुम्हाला काय वाटतं?” त्याने विचारलं.

“मला काही वाटलेलं आता कामाचं नाही,” ती म्हणाली. ते खरं होतं, आणि म्हणताना तिला रडू आलं. तोही अवघडून गेला. “मला आईला कोंडायचं नाही हो,” तो म्हणाला. “फोन वाजला की छातीत धस्स होतं, तेवढंच. लिफ्टच्या वर चढलेला असतो, आणि फोन वाजतो.” भिंगरीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिथे हात ठेवायला कोणाची मनाई नव्हती.

जेवणाची वेळ टळून गेल्यावर दोघं परत आली. मावशी पुढे, फिजिओ मागे. मावशींच्या गुडघ्यावर धुळीचा मोठा डाग होता आणि हाताच्या तळव्याला खरचटलं होतं.

मुलगा ताडकन उठला. “पडलीस?”

“कोर्टाच्या पायऱ्या उतरताना,” फिजिओ म्हणाला. “शेवटची पायरी डावीकडे तुटलेली आहे. त्यांनी पाहिली, पण काठी आधीच टेकली होती. एका गुडघ्यावर बसल्या. कठडा हातात होता, म्हणून मी थांबलो. लोक धावत आले तर त्यांना यांनी लांब उभं केलं. मग शिकवलं होतं तशा, आधी चांगला पाय, मग कठडा, मग काठी, उठल्या. वेळ लागला. पण उठल्या. बसमध्ये चढताना मान वळवून दांडा शोधला आणि धरला.”

मुलगा आईच्या गुडघ्यासमोर उकिडवा बसला, डाग हाताने झटकायला लागला, आणि मावशींनी झटकू दिलं. “दुखलं का?”

“दुखणारच की. पण उठता येतं रे मला,” मावशी म्हणाल्या. “मलाही माहीत नव्हतं.”

मग मुलगा मोबाइल खिशात टाकून म्हणाला, “दुकानाची किल्ली माझ्याकडे आहे. उद्या झाडून घेतो.” डॉक्टरीणबाईंनी वरून येऊन गुडघा तपासला, फिजिओचं ऐकून घेतलं आणि मान हलवली. नर्स कापूस घेऊन आली. कॉरिडॉरमधली दोन-चार माणसं गोळा होऊन पांगली.

भिंगरी भिंतीपाशी उभी होती, आपलंच मनगट धरून. गर्दी कमी झाल्यावर ती जवळ आली.

“मी असते तर तुम्हाला पडू दिलं नसतं, मावशी.”

“माहीत आहे मला,” मावशी म्हणाल्या. “म्हणून तर डॉक्टरीणबाईंना मीच सांगितलं होतं, हिला पाठवू नका.”